चार थर आणि अक्का

गणितात बी.एस्सी. झालेली जळगावातली मुलगी त्या काळी स्वतःला काय समजायची, हे मला चांगलं ठाऊक आहे. मीच होते ती. बाजारात भाजीवाल्याने तीन भाज्यांचे तीन भाव सांगितले की मी त्याला सरासरी भाव सांगत असे. तो निमूट ऐकून घेई आणि वांगी किडकी देई.

माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, गुजरातेत तेलाच्या विहिरींवर नोकरीला होते. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं, भिजल्या विटेत पाणी असतं तसं ते दगडात मुरलेलं असतं, असं ते दर सुटीत सांगत आणि आम्ही दर सुटीत हसत असू. त्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी बातमी आणली. त्यांच्या कार्यालयात आकडेमोडीला माणूस हवं होतं, मुलगी चालणार होती. मला जायचंच होतं. घरात असोद्याचं एक स्थळ घिरट्या घालत होतं आणि त्या मुलाने शाळा पाढ्यांना भिऊन सोडली होती अशी ख्याती होती.

मामा म्हणाले, आधी परीक्षा. त्यांनी कागदावर एकाखाली एक चार थर काढले, तीन वाळूच्या दगडाचे आणि एक चिकणमातीचा. प्रत्येकापुढे त्याची जाडी लिहिली, आणि तो आपल्यातून तेल किती सहज जाऊ देतो त्याचा आकडा. संगणकाला म्हणे जमीन चौकोन कापून द्यावी लागते, आणि एका चौकोनात थर कितीही असले तरी आकडा एकच मावतो. तो एक आकडा मी काढायचा.

मी जाडीने गुणलं, बेरीज केली, भागलं. मामांच्या चहावर साय धरायच्या आत कागद परत.

मामांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तेल कुठून कुठे चाललंय?"

मी म्हटलं, तेल जाईना का कुठेही, सरासरीला त्याचं काय. अजून आठवलं की माझे मलाच कान उपटावेसे वाटतात.

मामा उठले. स्वयंपाकघरातून तीन चाळण्या आणल्या, ओसरीच्या कडेला एकावर एक धरायला लावल्या आणि दोन चाळण्यांच्या मध्ये पोळपाट सरकवला. मग वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "घे आता सरासरी."

खाली थेंब पडला नाही. सगळं पाणी कडेने वाहून अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर गेलं. बिबडे अक्काचे होते.

मामांचं म्हणणं असं, की थरांच्या अंगाने आडवं जाणाऱ्या तेलाला प्रत्येक थराची वेगळी वाट असते. चिकणमाती अडली तर अडू दे, बाकीचे तीन थर आहेत. तिथे माझी सरासरी चालेल. पण तेच तेल खालून वर चढायचं असेल, तर त्याला सगळे थर ओलांडावे लागतात, आणि मग जो सर्वांत हट्टी, त्याचंच राज्य.

हट्टी म्हटल्याबरोबर मी मान वळवली. अक्का, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बिबडे उलटे करत आमच्याकडे बघत होती. दोंडाईच्याला तिचं सासर. नवरा गेल्यापासून आमच्याकडे राहायची आणि आम्हाला राहू द्यायची. नोकरीला आई हो म्हणेल, आबा म्हणजे आजोबा म्हणतील, वडीलही म्हणतील, म्हणून मी मनातल्या मनात चारात तीन धरून बसले होते. पण आमच्या घरात होकार खालून वर चढत असे. आई म्हणे आबांना विचार, आबा म्हणत अक्काला विचार, आणि अक्का ओलांडल्याशिवाय वडिलांपर्यंत काही पोचत नसे.

तेव्हा मी ठरवलं, आडवं जायचं. वडील स्टेशनावर केळीचे घड मालगाडीच्या वाघिणीत भरून घेत होते तिथे गाठलं आणि आबांचा होकार आहे म्हटलं. ते हमालांवर ओरडता ओरडता हो म्हणाले. आबांना सांगितलं, वडील हो म्हणाले. आईला सांगितलं, दोघंही म्हणाले. अक्काला कोणी काही सांगायचं नाही. काय ती हुशारी. घरात नवी ट्रंक आली, माझी नवी लुगडी आली, आणि मला वाटत होतं की अक्काला ऐकू येत नाही, दिसत नाही आणि वासही येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "बठ्ठास्ले इचारं. माले कोनी इचारं का?"

सगळ्यांना विचारलं होतं, तिलाच तेवढं नव्हतं. मामा ताटातल्या भरितात काहीतरी शोधू लागले. सगळं संपलं, असोद्याची वरात दारात आली, असं मी धरून चालले. शेवटी धीर करून विचारलं, अक्का, जाऊ का मी?

"तू एकली तठे खाशी काय? सरासरी?" तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. "मी बी येसू."

तिची वळकटी दोन दिवसांपासून बांधून तयार होती, हे आईला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांनाच माहीत होतं.

सुरतेच्या गाडीत खिडकीची जागा तिने घेतली. दोंडाईचा आलं तसा तिने पदर पुढे ओढला. सासरच्या कोणाला दिसू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. गाडी हलली आणि अक्का अर्धी खिडकीबाहेर झाली. फलाटावर कोणाला तरी पोचवायला आलेली तिची जाऊ उभी होती. तिला अक्का सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "सांग घरमा बठ्ठास्ले, मी नोकरीले जाई ऱ्हायनू."