हीटसिंकवरची फिल्म

दुकानातली धूळ रोज सकाळी झाडता येते. किस्से झाडता येत नाहीत, ते साचतात. नवी पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण चौथी. आधी रेडिओ केले, मग टीव्ही, आता हे. आमच्या सोलापूरच्या उन्हात निम्मे लॅपटॉप एकाच तक्रारीचे येतात : तापतो आणि बंद पडतो. आत तांब्याची नळी आणि बारीक जाळी असते, तिला हीटसिंक म्हणतात. ती प्रोसेसरची उष्णता ओढते, पंखा ती बाहेर फेकतो. एवढंच आहे. पण माणसं ऐकत नाहीत.

*

कुर्डुवाडीचे एक गुरुजी. लॅपटॉप तापला की फ्रिजमध्ये ठेवायचे, भाजीच्या कप्प्यात.

मी विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तापलं की गार करायचं. विज्ञानच हाय की."

"तुम्हाला ताप आला की तुम्ही फ्रिजमध्ये बसता का?"

गुरुजींना राग आला. मी लॅपटॉप उघडला. आत पाणी सुटलेलं, बोर्डावर हिरवट गंज चढलेला. जाळीपाशी कोथिंबिरीचं एक पान होतं. ते काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

*

अक्कलकोटचा एक झेरॉक्सवाला. खंडेनवमीला सगळेच आपापली हत्यारं, यंत्रं पूजतात. यानं लॅपटॉप पूजला. हळद-कुंकू वाहिलं ते नेमकं पंख्यावर. का, तर वारं तिथून येतं, म्हणजे यंत्राचा जीव तिथंच. लॅपटॉप चालू होता. पंख्यानं सगळं आत ओढलं. जाळीत हळदीचा थर बसला.

मी म्हणालो, "बंद करून पूजा करायची."

"बंद यंत्राची पूजा कोण करतंय, काका? मग ते पावणार कसं?"

मी हीटसिंक बदलून दिला. पुढच्या दसऱ्याला तो परत आला. या वेळी अंगारा होता.

*

आमच्या गल्लीत एका इंजिनिअरनं दुकान टाकलं. डिग्रीचा कागद काच लावून भिंतीवर. त्यानं नवा हीटसिंक बसवलेला एक लॅपटॉप महिनाभरात माझ्याकडं आला. नव्या हीटसिंकच्या तळाला पेस्ट लावून येते. तिच्यावर पातळ पारदर्शक फिल्म असते. ती काढून मगच बसवायचं. फिल्म राहिली तर उष्णता वर चढत नाही, प्रोसेसर आतल्या आत शिजतो. त्यानं फिल्म काढलीच नव्हती.

ती फिल्म मी माझ्या काउंटरच्या काचेवर चिकटवली. येईल त्याला दाखवायचो, "हे बघा, शिकलेल्यांचं काम."

शेजारी रशीदभाईचं जुन्या पार्ट्सचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका, दूसरे की गलती का झंडा नक्को लगाव. हवा फिरती."

मी म्हणालो, "तू तुझे पार्ट विक."

*

आता नरसय्या. तेलुगू माणूस, चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर. वडिलांनी आलेख कागदावर चौकोन भरून काढलेल्या डिझाइन्स त्यानं एकेक करून लॅपटॉपमध्ये चढवल्या होत्या. डिझाइनचं ते सॉफ्टवेअर फक्त त्याच एका लॅपटॉपच्या बोर्डावर उघडायचं. विकणारे कधीच दुकान बंद करून गेलेले. मालकानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "हे बंद पडलं की दुसरा मास्तर बघतो."

लॅपटॉप मागाशेजारी असायचा, म्हणून जाळीत कापसाची तूस भरायची. दर तीन महिन्यांनी मी ती ब्रशनं काढायचो. तुशीच्या रंगावरून मला कळायचं, मागावर कुठली चादर आहे.

"हिरवी संपली वाटतं?"

"व्हय काका, आता तांबडी."

मी दर वेळी बजावायचो, "कारखान्यात चालवू नको. घरी चालव."

"घरी माग कुटं हाय, काका?"

*

शेवटी त्याच्या हीटसिंकची नळीच तडकली. त्या मॉडेलचा हीटसिंक कुठंच मिळेना. नरसय्या रोज येऊन बाकड्यावर बसायचा. रशीदभाईनं हैदराबादपर्यंत फोन केले आणि एक मिळवला. नवा, सीलबंद. मी लगेच बसवायला घेतला.

रशीदभाई म्हणाला, "काका, चष्मा तो लगाव."

"माझे डोळे बोटांत आहेत."

लॅपटॉप चालू झाला. नरसय्या माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.

पंधरा दिवसांनी तो परत आला. "काका, परत तापतोय. जरा उघडून बघता का?"

"कारखान्यात चालवलास?"

"व्हय. तांबडीचा नमुना द्यायचा होता."

"मग उघडून काय बघू? तूसच असणार. माझं काम परत येत नसतं. लॅपटॉप घरी ने."

तो उचलून घेऊन गेला.

*

आणखी आठ दिवसांनी आला. लॅपटॉप बंद, चार्जरचा दिवासुद्धा लागत नव्हता. मी उघडला. बोर्ड गेला होता. जाळीत तूस नव्हती. हीटसिंक उचलला आणि तळाला बोट लावलं. बोटाला काहीतरी पातळ चिकटून आलं. मग खिशातून चष्मा काढून घातला.

नरसय्या समोरच उभा होता. मी मूठ मिटली.

तो म्हणाला, "काका, तुमी सांगितलं होतं. मीच ऐकलो नाही. माजीच चूक."

मी म्हणालो, "बोर्ड गेला."

"व्हय," तो म्हणाला आणि रिकामी पिशवी घडी घालून उभा राहिला.

आता तो त्याच कारखान्यात चादरी पॅक करतो. गेल्या आठवड्यात दुकानात आला आणि एक चादर काउंटरवर ठेवली. तांबडी. वडिलांच्या डिझाइनची निघालेली शेवटची.

"तुमी माज्यासाठी लई केलं, काका. नाही म्हणू नका."

मी घेतली. रशीदभाई दारात उभा होता. त्यानं चादरीकडं बघितलं, मग काउंटरच्या काचेकडं. काच स्वच्छ होती, तिच्यावर फिल्म नव्हती. तो त्याच्या दुकानात निघून गेला.

चादर माझ्या मागच्या फळीवर आहे. तिच्यावरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही.