म्हसोबाला बोललेली बाटली

माझ्या सासऱ्यांनी, बद्रीनाथ आप्पांनी, दारू सोडली तेव्हा त्यांची साठी उलटली होती. त्या वयात माणसाला दात सोडून जातात, केस सोडून जातात, दारू तेवढी सोडत नाही, असं तेच म्हणायचे.

फुलंब्रीजवळचं त्यांचं घर शेतीचं. थोरल्या भावाने शेत पाहिलं आणि आप्पा शहरात येऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागले. पाळी सुटली की चौघे जण मिळून बसायचे. हात इतका तयार की बद्री प्यायलेला असला तरी त्याचं काम बिघडत नाही, असं लोक कौतुकाने बोलायचे. त्या कौतुकावर त्यांनी बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर ते चौघे पांगले, बाटली मात्र राहिली.

माझी नोकरी असल्यामुळे मुलीला शाळेतून आणायचं काम आप्पांकडे होतं. एके दिवशी ते वाटेतच कुठेतरी बसले. मी धावतपळत शाळेत पोचले तेव्हा लेक रखवालदाराच्या बाजेवर पाय हलवत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आप्पांना ओरडू नको हं. त्यांना झोप लागली असेल." सात वर्षांची पोर आजोबांसाठी खोटं बोलायला शिकली होती.

मी हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून माझ्यासमोर उभे राहिले. "सूनबाई, छावणीत ते दारू सोडलेले लोक बसतात म्हणं. कुठं बसतात?"

छावणी भागातल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात दर बुधवारी त्यांची बैठक व्हायची. सोडलेल्यांनी सुटू पाहणाऱ्यांना सांभाळायचं, एवढाच तिथला कारभार. दत्तोपंत नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्यात जुने होते. पहिल्याच दिवशी ते आप्पांना म्हणाले, "बद्रीनाथराव, फोन प्यायच्या आधी करायचा. नंतर आपण फक्त रडतो, ते आम्हाला पाठ आहे."

सुरुवातीचे महिने वाईट गेले. आप्पा ताट भिरकावायचे, सासूबाईंवर धावून जायचे. दिवस मावळायला लागला की घर श्वास रोखून बसायचं. पण त्याच वेळेला कुणीतरी यायचंच. कधी दत्तोपंत, कधी बिडकीनहून येणारा रिक्षावाला फकिरा. ओट्यावर पत्ते पडायचे. फकिरा म्हणायचा, "आम्ही सगळ्यांनी मिळून एक आख्खा गुत्ता प्यायलाय, काका. आता पत्ते तरी जिंका."

वर्ष सरलं. आप्पा नातीला वेळेवर आणायला लागले. आणि मग आषाढात सासूबाई, द्वारकाबाई, म्हणाल्या, "आता माझा नवस फेडायचा."

नवस काय, तर यांची दारू सुटू दे, तुला बोकड कापीन आणि बाटली चढवीन. दारू सोडवायला ज्या देवाला सांगितलं, त्याला द्यायची होती दारूच. गावाकडच्या शेतातल्या म्हसोबाला बाटली चढवायची ती भावकीतल्या वडीलधाऱ्याने. दगडावर धार धरायची, ओंजळीत थोडी घेऊन प्रसाद म्हणून स्वतः प्यायची, आणि उरलेली पुरुषांनी वाटून घ्यायची. आप्पांचे थोरले भाऊ वारल्यापासून तो मान आप्पांचा होता.

"आई, डॉक्टरांनी एक थेंबही नको म्हणून सांगितलंय," मी म्हटलं.

"डॉक्टरला म्हसोबा ठावा हाय का? परसाद हाय त्यो, दारू नाय."

"पण त्यांना पुन्हा लागली तर?"

"ज्यानं सोडवली, त्याच्याच परसादाला नाय म्हणायचं? कोप झाला आन् पोरीवर आलं म्हंजी?"

या बाईने आयुष्यभर बाटल्या मोरीत ओतल्या होत्या, पदराखाली वळ लपवले होते. तीच आता घोट घ्या म्हणत होती. आणि पोरीचं नाव निघाल्यावर मीही माघार घेतली. एम.ए. झालेली मी, तरी त्या कोपाला भ्याले.

आप्पांनी दत्तोपंतांना फोन लावला. पंतांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "आम्ही जेवायला येतो."

शेतात भावकी जमली होती. फकिराच्या रिक्षातून बुधवारची मंडळी उतरली. चुली पेटल्या होत्या. आप्पांचा चुलतभाऊ सांडू हसत म्हणाला, "पंत, तुमी तर रस्साबी खायना. मग आले कशाला?"

"बद्रीनाथरावांच्या शेजारी बसायला," पंत म्हणाले आणि आपला पिठल्याचा डबा मांडीवर ठेवून चिंचेखाली बसले.

आप्पांनी शेंदूर लावलेल्या दगडावर धार धरली. वास आला तसे त्यांचे डोळे क्षणभर मिटले. ते मी पाहिलं आणि लेकीचा हात घट्ट धरला. सांडूने बाटली घेऊन त्यांच्या ओंजळीवर वाकवली. "घे दादा. दोन थेंब."

आप्पांनी ओंजळ सोडली. "दोन थेंबांवर थांबणारा मी न्हाय, सांडू. तुलाबी ठावं हाय."

"मग मानाचं काय? आपल्यात असं कधी झालं नाय."

"मान तू घे." त्यांनी खांद्यावरचा मानाचा टॉवेल काढून सांडूच्या खांद्यावर ठेवला. म्हातारे कुजबुजायला लागले. वडीलधाऱ्याने जिवंतपणी मान सोडल्याचं त्या शिवारात कुणी पाहिलं नव्हतं. आप्पा वळले आणि पंतांच्या शेजारी जाऊन बसले. हात मांड्यांखाली दाबून धरले होते. फकिराने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सगळे सासूबाईंकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ह्या रडणार, नाहीतर शिव्या घालणार. त्या उठल्या, सांडूच्या हातातली बाटली ओढून घेतली आणि बायका कधी जात नाहीत तिथं, दगडापुढे, जाऊन उभ्या राहिल्या.

"देवा, बोलले होते ती दिली. ह्यांच्या वाट्याचीबी तूच घे. पोरासोरांवर राग धरू नको."

आणि सगळी बाटली दगडावर उपडी केली.

"काकू, अवं आमच्यापुरती तरी ठेवायची!" मागून एक पुतण्या कळवळला.

"तुज्या बायकुला इचारून ठेवते," सासूबाई म्हणाल्या. चुलीजवळच्या बायका खदखदून हसल्या.

पंगत बसली. मानाचं पहिलं ताट सांडूपुढे गेलं. आप्पांनी ते जाताना पाहिलं, मग खाली बघून भाकरी कुस्करायला लागले. सासूबाई रस्सा वाढत त्यांच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"इतक्या सालात पहिल्यांदा शुद्धीत जेवताय इथं," त्या म्हणाल्या. "तिखट लागंल."

"लई लागतंय," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "वाढ अजून."