वकीलकाकांचा अशील

वकीलकाकांच्या सात पिढ्यांत कुणी वकिली केली नव्हती. ते सिंगापुरात वन-नॉर्थच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचे. पण त्यांचा एक अशील होता, एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन बुद्धिबळपटू, आणि पुंगोलला आमच्या फ्लॅटवर शनिवारी जेवायला जमलो की त्याचा खटला उभा राहायचा.

बाराव्या वर्षी या पोरानं भल्याभल्यांना लोळवलं. विशीत युरोप पालथा घातला आणि ऐन भरात खेळ सोडून घरी वकिलीचं ऑफिस थाटलं. तिथे लोक यायचे ते बुद्धिबळाच्या गप्पा मारायला. "पण सोडला हे शहाणपणच केलं. खेळ तो खेळ, काम ते काम," काका बजावायचे. पुढे तो अंघोळीच्या टबात कसा मेला, हे नेमकं श्रीखंड वाढताना यायचं. शेवटी माझ्या बायकोनं श्रीखंड आधी वाढायला सुरुवात केली.

स्वतः काका कधी खेळत नसत. अकोल्यात शाळेत असताना ते मोठमोठ्यांना हरवायचे, दहावीला वडिलांनी पट माळ्यावर टाकला, असं काकूंनी एकदा सांगितलं होतं. "आता कुठलं येतंय? गंजलं सगळं," काका म्हणायचे, तेही मोठ्या समाधानानं. मी ऑफिसातला चॅम्पियन, त्यामुळे मला खात्री होती की गडी हरायला भितो.

त्यांचा इथल्या नोकरीचा पास संपत आला, अकोल्याला परतायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी मी मुद्दाम पट मांडला. ते नको नको म्हणत होते.

"काका स्केअर्ड, लाह," माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

काका बसले. कच्च्या खेळाडूला सवलत म्हणून अशील करायचा तसाच त्यांनी स्वतःचा एक घोडा आधीच काढून बाजूला ठेवला. मला रागच आला. विसाव्या खेळीला माझ्यावर मात झाली.

सगळे टाळ्या वाजवत होते. काका पटाकडे बघत राहिले.

"सगळं तसंच आहे हो अजून," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, गेलं असेल. हरलो असतो तर निवांत घरी गेलो असतो."

मग त्यांनी तो घोडा उचलून नीट डब्यात ठेवला. जेवताना अशिलाचं नाव निघालं नाही. श्रीखंड पुन्हा शेवटी आलं. तो डाव मी जिंकायला हवा होता, असं मला अजून वाटतं, आणि ते माझ्यासाठी नाही.