पानाच्या कडेचं बोट

एस्तेरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा कॉम्प्युटरवर त्यांचंच बोट माझ्यासमोर होतं. शहरातल्या कार्यालयाचा निरोप आला होता, फोटोतलं बोट कापा, नाहीतर पानं बाद. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

त्या कार्यालयासाठी बालाघाटच्या जुन्या चर्चमधल्या कागदपत्रांचे फोटो काढून ते जतन करायचं काम आम्ही चार-पाच जण रविवारी दुपारी करतो. मी चर्चचा नाही. भरवेलीच्या खाणमजुराचा मुलगा, घरात कॉलेज पाहिलेला पहिला. कॅमेरा, कॉम्प्युटर येतो म्हणून मला बोलावलं आणि तो तोरा मी बरेच दिवस मिरवला. एस्तेरबाई मिशनच्या दवाखान्यात आया होत्या, चौथी शिकलेल्या. पानं उघडी राहावीत म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्यात तांदूळ भरून आणले होते. "मावशी, भूक लागली की वजन कमी होईल," मी म्हणालो. "तुह्या डोक्याहून जडच राहीन थे," त्या म्हणाल्या.

मग दफनाचं रजिस्टर निघालं, वाळवीनं चाळण केलेलं. तापाच्या साथीत गेलेले मजूर, ज्यांच्या कबरीवर दगडही नाही. आडनाव नाही, नुसतं 'सुकवारो'... खाली 'सुकवारोचं लेकरू'. पिशवी ठेवली की पान तुटायचं, म्हणून एस्तेरबाईंनी कडेला बोटानं अलगद धरलं.

"बोट काढा मावशी, नियमात बसत नाही."

"बोट काढलं तं पान जाते. नियमाले बसव कुठीतरी."

"फोटो परत काढू मग."

"दुसऱ्यांदा उलटवलं का भुगा होते. काहून घाई करून राह्यला? इतकी वर्षं कोणी पाह्यलं नाही यायले."

पुढच्या महिन्यात कार्यालयाचे साहेब आले. असली पानं सोडून द्या म्हणाले, ही नावं कोण शोधणार? एस्तेरबाईंनी रजिस्टर आपल्याकडं ओढून घेतलं. "साहेब, तुमच्या आजीचं नाव तुमाले माहीत हाय. यायच्या नातवाले कोण सांगन?" साहेब चहा न घेताच गेले. त्या दिवसापासून मी त्यांना बोट काढा म्हणालो नाही.

त्यांचं बोट सुकवारोच्या नावाला अगदी चिकटून आहे. बोट कापलं की नावही जातं. एस्तेरबाईंचं दफन करून परतताना आमच्यातलाच एक म्हणाला, "अब तो काट दे भाई, सारी मेहनत जाएगी." मी कापलं नाही. फोटो जसेच्या तसे पाठवले आणि सोबत लिहिलं, हे बोट पान धरणाऱ्या एस्तेरबाईंचं आहे, बाद करायचं असेल तर आधी शेजारची नावं मोठ्यानं वाचा, मग करा. उत्तर अजून आलेलं नाही.

तांदळाच्या पिशव्या टेबलावर आहेत. गेल्या रविवारी पुन्हा एक तसंच पान आलं... पिशवी पेलेना. मी कॅमेरा शेजारच्याच्या हाती दिला आणि कडेला माझं बोट ठेवलं.