दहा मोजेपर्यंत गप्प राहण्याचा वर्ग

संकटातल्या माणसाचे ऐकून घेणे शिकवता येते, की तो ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग असतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे म्हणून, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वडगाव मावळला मदतकार्यातील स्वयंसेवकांना मानसिक आधाराचे प्रशिक्षण देऊ लागले.

पहिल्याच वर्गात आंदर मावळातली एक अंगणवाडी मदतनीस होती. तिच्या गावावर दरड कोसळली होती. माणसे वाचली, पण तिच्या थोरल्या जावेचा गोठा बैलजोडीसकट गाडला गेला. धीर द्यायला म्हणून ही गेली आणि म्हणाली, “जनावरंच गेली, माणसं तर राह्यली.” तेव्हापासून जाऊ तिच्याशी बोलत नव्हती. दरडग्रस्तांना गावाजवळच्या शाळेत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी आम्हाला तिथेच जायचे होते.

मी फळ्यावर ऐकून घेण्याच्या पायऱ्या लिहिल्या, जोड्या पाडल्या. एकाने घर गमावलेला माणूस व्हायचे, दुसऱ्याने ऐकायचे. कोणी उठेना.

“बाई, भरल्या घरच्या माणसानं असलं इपरीत त्वांडातनं काढू न्हाई,” मदतनीस म्हणाली.

वर्गातले लोणावळ्याचे एक मुस्लिम चिक्कीवाले डोंगरात अडकलेल्यांना दोरावरून उतरून सोडवायला जात. तेही तिच्याच बाजूचे. “दोराला लटकेन बाई, पण हे नाही बोलणार. अम्मीला कळलं तर घरात घेणार नाही!”

चूक माझी होती. ज्यांच्यासाठी पाठ आखला, त्यांनाच मी विचारले नव्हते. मी फळा पुसला. खोटे काहीच सांगायचे नाही; खरोखर हरवलेली आणि आता जिच्याविषयी बोलता येईल अशी एखादी गोष्ट सांगायची. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्याने मनात दहा मोजायचे. तोवर सल्ला नाही, समजूत नाही.

चिक्कीवाल्यांनी लहानपणी हरवलेल्या बकरीची हकीकत सांगितली. ते थांबले मात्र, मदतनीस म्हणाली, “दुसरी घ्यायची की, भाऊ!”

“मावशी, दहाची एसटी तीनालाच सोडलीत!” चिक्कीवाले म्हणाले.

वर्ग खदखदून हसला. पुढच्या खेपेला ती पाचावर चुकली, मग आठावर. चौथ्या खेपेला तिने ओठ घट्ट मिटून दहा गाठले. तेव्हा हा थट्टेखोर माणूस हळूच म्हणाला, “नंतर कितीतरी दिवस मी त्या वाटेवर जाऊन तिला हाका मारायचो.” ती गप्प राहिली म्हणूनच हे बाहेर आले होते. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असा आनंद मला क्वचितच झाला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर जाऊ तांदूळ निवडत बसली होती. मदतनीस शेजारी टेकली. “मी त्या दिवशी चुकीचं बोलले, आक्का,” एवढेच म्हणाली आणि गप्प झाली. मी दारातून पाहत होते. पदराआड तिची बोटे एकेक मिटत होती. दोन्ही मुठी मिटल्या, तरी ती बोलली नाही.

“रातच्याला मीच बांधलं व्हतं त्यान्ला,” जाऊ म्हणाली. “गाठ लय घट्ट मारली व्हती.”

मदतनिसेचे तोंड उघडले. पुन्हा मिटले. तिने सुपातले मूठभर तांदूळ आपल्यापुढे ओढले आणि निवडू लागली. जाऊ बोलतच राहिली. थोरल्या बैलाच्या खोडीही सांगितल्या तिने.

तेव्हा माझे उत्तर असे, की ऐकणे शिकवता येते. पण ते एका वर्गावरून आणि एका सकाळवरून काढलेले आहे. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्याच घरात एकदा असे दहा मोजून पाहा आणि ते खरे ठरते का, हे स्वतः तपासा.