मामंजींचा ताप आणि माझं कालवण

लग्न करून मी महाडच्या बाजारपेठेतून पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीत आले, ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. माहेरी गॅस होता, इथे चूल. सासूबाई मला भाकरी थापायला द्यायच्या, पण कालवणाला हात लावू द्यायच्या नाहीत. भाताची झोडणी चालू असताना त्यांची बहीण आजारी पडली म्हणून त्या बिरवाडीला गेल्या आणि खळ्यावरच्या माणसांचं जेवण पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आलं. मी सुकटीचं कालवण केलं. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पुन्हा मागून घेतलं. मी मनातून फार सुखावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पोट धरून बसले. ओकाऱ्या सुरू झाल्या. ओव्याचं पाणी दिलं, तेही पडलं. मग हुडहुडी भरली आणि अंग तव्यासारखं तापलं. सासूबाई परतल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"काय घातलंस गो कालवणात?"

शेजारच्या बाया दारात जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बाजारातली पोर ती. तिला सुकट निवडाया कुठं येतंय!" खळ्यावरची सगळी माणसं तेच जेवली होती आणि ठणठणीत होती, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. सुकट धुताना तिला जरा वास येत होता का, पाणी एकदाच बदललं का, हेच मी आठवत राहिले. उरलेलं कालवण परसात नेऊन पुरलं आणि टोप राखेने घासत बसले. वर बघायचीही लाज वाटत होती. आपण माणूस मारतोय, असं वाटत होतं.

मामंजी मात्र कुणाला पोटाला हात लावू देत नव्हते. माझे पती जवळ गेले की गुडघे छातीशी घ्यायचे. शेवटी जीप ठरवून आम्ही त्यांना महाडला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं होतं?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी केलं होतं जेवण," मी म्हणाले. "सुकट होती. नीट धुतली नसेल."

डॉक्टरांनी आम्हा बायकांना पडद्याबाहेर काढलं. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "आजोबा, ही जांघेतली गाठ किती वर्षांची आहे?"

मग मामंजी पुटपुटले, "हाय... लय वरसं."

"घरी सांगितलं नाहीत?"

"असलं काय सांगायचं असतंय?"

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडात धरला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. मामंजी ती गाठ घट्ट लंगोटाखाली दाबून वर्षानुवर्षं भारे उचलत आले होते.

ताबडतोब ऑपरेशन झालं. गाठीत अडकलेला आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. दोन दिवस काही खरं नव्हतं. मग ताप उतरला आणि डॉक्टरांनी माझ्या पतींना व मला बोलावून समजावलं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. ते शत्रू नव्हेत. आपण त्यांना अन्न आणि जागा देतो, ते आपल्याला न पचणारं पचवतात, काही जीवनसत्त्वंही करतात. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात पेशींचा एक पातळ पडदा असतो. एरवीही थोडे जंतू तो ओलांडतात. पडद्यातल्या काही पेशी तर शरीराला ओळख पटावी म्हणून त्यांना स्वतःच आत घेतात, आणि पलीकडच्या पहारेकरी पेशी त्यांचा निकाल लावतात. पण आतडं गाठीत आवळलं गेलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला, पेशींचे सांधे सैल झाले. मग जंतू मोठ्या संख्येने पलीकडे रक्तात गेले. ताप त्याचा.

"म्हणजे बाहेरून काही आलं नाही?" मी विचारलं.

"नाही. त्यांचेच जंतू. तुमच्या सुकटीचा काही संबंध नाही."

मला तिथेच रडू आलं. वाडीत जाऊन प्रत्येकीला हे सांगायचं, असं मी ठरवूनही टाकलं. पण त्या संध्याकाळी पाणी पाजायला गेले तेव्हा मामंजी छताकडे बघत म्हणाले, "पोरी, गावात सांगू नको. जांघेतलं दुखणं म्हटलं की हसतात."

मी नाही सांगितलं. वाडीत माझ्या कालवणाचीच गोष्ट राहिली. शेजारच्या बारशाला मला तांदूळ निवडायला बसवलं, चुलीपाशी येऊ दिलं नाही. सासूबाई तिथेच होत्या. त्या बोलल्या नाहीत आणि मीही खाली मान घालून खडे काढत राहिले.

शिमग्याला आमच्या ओटीवर बैठक भरली, तेव्हा एक जण थट्टेने म्हणाला, "तुमच्या सुनेच्या हातचं खाऊन तुम्ही वाचलात हो!" मामंजी उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"तिच्या जेवणानं काय नाय झालं. मला हर्निया होता. जांघेत. मीच लपवला होता."

आतल्या खोलीतून मी ते ऐकलं. सासऱ्यांनी चारचौघांत असं बोलावं, तेही माझ्यासाठी! मला भिंतीत शिरावंसं झालं. बैठकीत मात्र कुणी हसलं नाही.

काही दिवसांनी वाडीतला एक वयस्क शेतकरी ओटीवर येऊन बसला. त्यालाही गाठ होती. मामंजींनी मला हाक मारली. "डॉक्टर काय बोलले ते ह्याला सांग गो. मला नाय जमत."

मी पदर सारखा करत दाराच्या चौकटीआड उभी राहिले. तो जमिनीकडे बघत होता, मी उंबऱ्याकडे. आतडं, पडदा, जंतू, सगळं सांगितलं. 'जांघ' हा शब्द मात्र मला शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. "तिथं" म्हणत राहिले.

"आपलेच जंतू, तर मग आपल्यालाच कसे खातात?" त्याने विचारलं.

"आत असतात तोवर नाही खात. पलीकडे गेले की मात्र..." मी अडखळले. "तुम्ही महाडला जाऊन या, काका."

तो महाडला गेला. नंतर आणखीही काही जण आले आणि प्रत्येक वेळी "तिथं" म्हणताना माझे गाल तापले.