माहितीदाता क्रमांक चार

माझी लेक इतिहासात पीएचडी झाली, तरी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. कायम नोकरीसाठी पाच मुलाखती दिल्या, पाचही वाया. सहाव्या मुलाखतीच्या आधी तिनं मला खुर्चीवर बसवलं. हातात कागद दिला.

"बाबा, तुम्ही साहेब व्हा. यातले प्रश्न विचारा."

मी चौथी शिकलेला. वैजापूरच्या मोंढ्यात जन्मभर पोती उचलली. पण वाचता येतं मला. बोट ठेवून वाचलं, "आपल्या संशोधनाची साधनं सांगा."

ती घडाघडा बोलू लागली. धम्मदीक्षेनंतर आमच्या बायांनी देवांच्या ओव्या सोडल्या नि जात्यावर नवी गाणी जुळवली, ती हिनं गावोगाव फिरून गोळा केलेली. "त्यात माहितीदाता क्रमांक चार यांची गाणी महत्त्वाची आहेत."

"चार नंबर कोण?"

"आजी."

"माझी माय?"

"नावं देत नाहीत बाबा. पद्धतच आहे तशी."

मी कागद खाली ठेवला. "नंबर पोत्याला टाकतात. आजी म्हण, नायतर मी साहेब व्हत नाय."

"तुम्ही खरे साहेब असता तर मला दारातूनच हाकललं असतं," ती हसली. पण लई दमलेली होती. "बरं, म्हणते. पुढचं विचारा."

मुलाखतीहून आली ती चप्पल न काढताच बसली. तिथं खरंच नंबर न सांगता "माझी आजी" असंच म्हणाली होती. एका मॅडमनी विचारलं, घरचीच गाणी, मग तटस्थपणा कुठं राहिला?

"मग तू?"

"म्हणलं, आजीनं मलाही दोन गाणी दिली नाहीत. जावेला शिव्या होत्या त्यात."

"हसले का?"

"हसले. हसणं वेगळं, घेणं वेगळं."

नाय घेतलं. यादीत दुसरंच नाव होतं. चूक झाली म्हणायची सवय नाय मला. पाचव्या दिवशी ती पुढच्या अर्जाला झेरॉक्स जोडत बसली होती, तेव्हा कसंबसं म्हणलो, "या बारीला नंबरच सांग."

"नाही," ती मान वर न करता म्हणाली. "आता आजीच."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाय. नंबरानं नोकरी लागत असती तर मायनंच तिला "नंबरच सांग की गं" म्हणलं असतं.